जुलाबांचं कॅलेंडर

लहान मुलांना जुलाब सगळ्यात जास्त कधी होतात? मागच्या आठवड्यात हा प्रश्न मी टीममधल्या सहा जणांना जेवणाच्या टेबलावर विचारला. (हो, जेवताना. आमच्या टीममध्ये आता कोणाला कशाचंच काही वाटत नाही.) सहाच्या सहा जण म्हणाले, "पावसाळ्यात. हे काय विचारणं झालं?"

उत्तर अगदीच चूक नाही. जूनमध्ये नळाला गढूळ पाणी येतं, माश्या वाढतात, पाणी उकळून प्या म्हणून सूचना येतात, आणि आपल्या डोक्यात जुलाब आणि पावसाळा यांची जोडी पक्की बसते. पण हे निम्मंच उत्तर आहे. जुलाब होऊन दवाखान्यात दाखल झालेली पाच वर्षांखालची मुलं घ्या, त्यांच्या शीचे नमुने तपासा आणि कोणत्या जंतूने कोणत्या महिन्यात किती मुलं आणली याचा आलेख काढा. मग त्यात दोन वेगळे उंचवटे दिसतात. एक उन्हाळ्या-पावसाळ्याचा, तो मुख्यतः बॅक्टेरियांचा. दुसरा डिसेंबर ते फेब्रुवारीचा, आणि तो व्हायरसचा. त्यातही मुख्य आरोपी एकच, रोटाव्हायरस.

भारतात २००५ पासून दाखल मुलांची अशी नोंद वेगवेगळ्या शहरांतल्या हॉस्पिटल्समधून पद्धतशीर ठेवली गेली. लस येण्याआधीच्या त्या आकड्यांत, जुलाबांमुळे दाखल झालेल्या दर दहा मुलांमागे साधारण चार मुलांना रोटा निघायचा. उत्तर आणि पश्चिम भारतात थंडीतला उंचवटा ठळक. दक्षिणेत, वेल्लोरसारख्या ठिकाणी जिथे थंडी फक्त नावाला असते, तिथे तो पसरट. पुण्यात तर आपल्या दारातच राष्ट्रीय विषाणू संस्था आहे. तिथल्या लोकांनी शहरातल्या दाखल मुलांचे नमुने वर्षानुवर्षं तपासले, आणि त्यातही रोटाचा जोर थंडीतच.

आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर, दोन वेगळ्या सर्व्हिसेसच्या एरर्स एकाच ग्राफमध्ये एकत्र टाकल्या की काहीच कळत नाही. दोन रंगात वेगळ्या काढल्या की मग "अरेच्चा!" होतं. तसंच हे.

*

मी या भानगडीत पडलो तो माझ्या भाच्यामुळे. दोन वर्षांपूर्वीचा जानेवारी. ताई नाशिकला असते, भाचा तेव्हा नऊ महिन्यांचा. आधी बारीक ताप, मग उलट्या, आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्यासारखे जुलाब. ताईने मोजले, दिवसात पंधरा. तिच्या सासूबाई म्हणाल्या, दात येतायत, होतंच. शेजारच्या काकू म्हणाल्या, थंडी बाधली, पोटाला हिंग लावा. कोपऱ्यावरच्या एका डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं सिरप लिहून दिलं. पावसाळा असता तर पहिल्याच तासाला सगळ्यांनी पाण्यावर संशय घेतला असता आणि धावपळ सुरू झाली असती. जानेवारीत कोणाच्या डोक्यातच ते आलं नाही.

संध्याकाळी ताईचा फोन आला. "अरे, हा रडतोय पण डोळ्यांत पाणीच नाहीये. दुपारपासून शू पण नाही. टाळू आत गेल्यासारखी वाटतेय."

त्या रात्री भाऊजींनी त्याला दाखल केलं. मी पुण्याहून निघून पोहोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. इतक्या छोट्या हातात सलाईनची सुई कशी बसवतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. हात हलू नये म्हणून खाली पुठ्ठ्याची पट्टी बांधली होती. हळूच आजूबाजूला बघितलं तर वॉर्डमधल्या आठ खाटांपैकी सहांवर तीच तक्रार. सगळी दोन वर्षांच्या आतली. मला वाटलं कुठेतरी पाण्याची लाईन फुटली असणार. सिस्टरना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "नाही हो दादा, दरवर्षीचंच आहे हे. दिवाळी सरली, थंडी पडली की ही बाळं येतात. पाऊस संपला म्हणून लोक निर्धास्त असतात ना."

दुसऱ्या दिवशी तपासणीचा रिपोर्ट आला, रोटा पॉझिटिव्ह. मुलांच्या डॉक्टर होत्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "रोटाचे डोस झालेत?" दोन झाले होते, तिसरा घर बदलण्याच्या गडबडीत राहून गेला होता. ताईचा चेहरा पडला. डॉक्टर म्हणाल्या, "तिन्ही झाले असते तरी होऊ शकलं असतं. शक्यता कमी असती, इतकंच. आता ते सोडा, त्याला दूध पाजा." अँटिबायोटिक बंद झालं, व्हायरसला ते लागू पडतच नाही. सलाईन, मग चमच्या-चमच्याने ओआरएस, आणि झिंक. तिसऱ्या दिवशी पठ्ठ्याने मऊ खिचडीची वाटी ओढून घेतली. चौथ्या दिवशी घरी सोडलं.

परत येताना डोक्यात एकच किडा. त्या सिस्टरना जे माहीत होतं ते आपल्याला कोणालाच कसं माहीत नव्हतं? आणि दरवर्षी थंडीतच का?

*

गंमत म्हणजे व्हायरस सापडायच्या कितीतरी आधी डॉक्टरांना कॅलेंडर सापडलं होतं. जपानमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच थंडीत तान्ह्या मुलांना होणाऱ्या पांढुरक्या, पाण्यासारख्या जुलाबांचं वर्णन झालं होतं. अमेरिकेत जॉन झाहोर्स्की नावाच्या मुलांच्या डॉक्टरांनी १९२९ मध्ये हिवाळ्यातल्या उलट्यांच्या आजाराबद्दल लिहिलं. त्याला कारणीभूत असणारा नोरोव्हायरस सापडायला आणखी चाळीसेक वर्षं लागली. ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत १९६८ मध्ये साथ आली, तिचे नमुने जपून ठेवले होते, आणि १९७२ मध्ये अल्बर्ट कापिकियन यांना त्यात तो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसला.

रोटाची पाळी लगेच पुढच्या वर्षी. १९७३ मध्ये मेलबर्नच्या मुलांच्या हॉस्पिटलात रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुलाब झालेल्या मुलांच्या लहान आतड्याचे बारीक तुकडे तपासले. तोपर्यंत दाखल झालेल्या बहुतेक मुलांच्या केसपेपरवर कारण म्हणून काहीच लिहिता येत नसे. त्या तुकड्यांमधे व्हायरस खचाखच भरलेला होता. चाकासारखा दिसतो म्हणून पुढे नाव पडलं रोटा. लॅटिनमध्ये रोटा म्हणजे चाक. आणि ऑस्ट्रेलियातही तो थंडीतच जोर करतो, फक्त त्यांची थंडी आपल्या पावसाळ्यात असते. म्हणजे त्याला महिन्याशी देणंघेणं नाही, हवेशी आहे.

पण मग थंडीच का? पहिलं कारण बऱ्यापैकी सरळ आहे. हा व्हायरस थंड, कोरड्या हवेत जास्त टिकतो. खेळण्यावर, दाराच्या कडीवर, खाटेच्या कठड्यावर. आजारी बाळाच्या चिमूटभर शीमध्ये अब्जावधी व्हायरस असतात, आणि दुसऱ्या बाळाला आजारी पाडायला त्यातले शंभरसुद्धा पुरतात. लहान मुलं सगळं तोंडात घालतात, मग अजून काय हवं? उष्ण प्रदेशांतल्या बऱ्याच अभ्यासांची २००९ मध्ये एकत्र छाननी झाली, तेव्हा हेच निघालं: तापमान, पाऊस आणि हवेतला दमटपणा वाढला की रोटा कमी होतो. आपल्या पावसाळ्याच्या समजुतीच्या बरोबर उलट!

म्हणूनच पाणी उकळून रोटा थांबत नाही. (उकळू नका असं म्हणत नाहीये, बाकीच्या जंतूंसाठी उकळायलाच हवं.) लस येण्याआधी अमेरिकेत नळाचं पाणी थेट पिणाऱ्या घरांतल्या मुलांनाही पाच वर्षांच्या आत रोटा गाठायचाच. तिथे दरवर्षी ५५ ते ७० हजार मुलं त्यापायी दाखल व्हायची.

*

दुसरं कारण मला जास्त आवडलं, कारण त्यात अस्सल क्यू थिअरी आहे.

लस येण्याआधी अमेरिकेत रोटाची लाट दरवर्षी एक ठरलेला प्रवास करायची. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला नैऋत्येच्या राज्यांत सुरू व्हायची आणि सरकत सरकत मार्च-एप्रिलपर्यंत ईशान्येला पोहोचायची. हवामानावरून हे पटत नव्हतं. ईशान्येला थंडी आधी पडते आणि कडक पडते, मग लाट तिथे शेवटी का जावी? व्हर्जिनिया पिट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये 'सायन्स'मध्ये याचं उत्तर मांडलं: जन्मदर.

असं बघा. रोटाचं पहिलं इन्फेक्शन सगळ्यात जोरदार असतं, पुढची बहुतेक सौम्य. म्हणजे मोठी लाट यायला ज्यांना अजून एकदाही झालेला नाही अशी बाळं पुरेशी जमावी लागतात. प्रत्येक हिवाळा ही रांग रिकामी करतो आणि नवीन जन्मलेली बाळं ती परत भरतात. जिथे बाळं जास्त जन्मतात तिथे रांग लवकर भरते, लाट लवकर येते. जिथे कमी, तिथे उशिरा. नैऋत्येच्या राज्यांत जन्मदर जास्त होता. थंडी फक्त काडी लावते, लाकडं मात्र घराघरातल्या पाळण्यांत जमत असतात.

हे मॉडेल खरं की खोटं हे तपासायची संधीही आयतीच मिळाली. २००६ मध्ये अमेरिकेत लस सुरू झाली. लस म्हणजे काय, तर रांगेत शिरणारी बाळं कमी करणं. मग लाट उशिरा यायला हवी आणि छोटी व्हायला हवी. २००७-०८ च्या हिवाळ्यात अगदी तेच झालं. पुढे तर आणखी मजा झाली. लाट एक वर्षाआड येऊ लागली, कारण रांग भरायलाच दोन वर्षं लागायला लागली! इतकी वर्षं ज्याला सगळे ऋतूचा नियम समजत होते, तो तीन डोसांनी बदलला. दवाखान्यांतला बालरोगाचा हिवाळी गर्दीचा सीझनच हलला.

आपल्याकडे याचा अर्थ काय होतो? आपल्याकडे बाळं भरपूर, रांग कायम भरलेली. म्हणून रोटा आपल्या देशात वर्षभर थोडाथोडा असतोच, थंडीत उसळतो, आणि मुलाला फार लहान वयात गाठतो. दाखल होणाऱ्यांमध्ये सगळ्यात जास्त असतात सहा महिने ते दोन वर्षांची मुलं. आईकडून आलेलं संरक्षण तोपर्यंत ओसरलेलं असतं, आणि शरीरातलं पाणी इतकं थोडं असतं की एका दिवसात डोळे खोल जातात.

*

आता थोडं देशी कामगिरीबद्दल, कारण ही गोष्ट आपल्याला शाळेत कोणी सांगितली नाही.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांना असं आढळलं की तिथल्या काही नवजात बाळांच्या पोटात रोटा आहे, पण बाळं ठणठणीत आहेत. शिवाय त्या बाळांना पुढे गंभीर रोटा होण्याचं प्रमाण कमी. रूथ बिशप यांनाही मेलबर्नच्या नवजात बाळांत असंच दिसलं होतं. म्हणजे निसर्गाने आयतीच सौम्य आवृत्ती बनवून ठेवली होती. दिल्लीतल्या त्या व्हायरसचं नाव ११६ई. त्याच्यापासून हैदराबादच्या भारत बायोटेकने 'रोटाव्हॅक' बनवली. दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचं वढू अशा ठिकाणी ६७९९ बाळांवर चाचणी झाली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात गंभीर रोटा पहिल्या वर्षी साधारण ५६ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. २०१६ मध्ये हिमाचल, हरियाणा, ओडिशा आणि आंध्र या चार राज्यांत ती सरकारी लसीकरणात आली, २०१९ मध्ये महाराष्ट्रासह उरलेल्या राज्यांत. दरम्यान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'रोटासिल'ही आली. बाळांना मिळणारा हा डोस सरकारी केंद्रात फुकट असतो.

५६ टक्के ऐकून आमच्यातला एक जण म्हणाला, "एवढंच?" श्रीमंत देशांत तोंडावाटे द्यायच्या रोटाच्या लसी ८५-९० टक्क्यांच्या घरात काम करतात, गरीब देशांत निम्म्याच्या आसपास, हे खरंय. पण ५६ टक्के कशाचे ते बघा. लस येण्याआधीच्या एका अंदाजानुसार भारतात रोटामुळे वर्षाला सुमारे ८,७२,००० मुलं दाखल व्हायची आणि सुमारे ७८,००० दगावायची. अमेरिकेत ५५ ते ७० हजार दाखल व्हायची, आणि दगावायची २० ते ६०. हजार नाही, नुसती वीस ते साठ. व्हायरस तोच, वय तेच. फरक आहे तो सलाईनपर्यंत किती वेळात पोहोचता याचा, आणि त्याआधी घरात ओआरएस दिलं की नाही याचा. लस सुरू झाल्यानंतरच्या वर्षांत आपल्याकडेही दाखल मुलांमधलं रोटाचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलंय. निम्म्यावर म्हणजे त्या वॉर्डातल्या सहा भरलेल्या खाटांपैकी काही रिकाम्या.

*

मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपदेशाचा भाग थोडक्यात. हे सगळं त्या चार दिवसांत डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी आमच्याकडून घोकून घेतलेलं आहे.

पहिल्या पातळ शीपासूनच ओआरएस सुरू करायचं, "बघू उद्यापर्यंत" नाही. मोठं पाकीट साडेवीस ग्रॅमचं, ते पूर्ण एक लिटर पाण्यात. ग्लासभर पाण्यात अख्खं पाकीट ओतायचं नाही, ते घातक आहे. मेडिकलच्या दुकानात मिळणारी गोड गोड टेट्रापॅक पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. जास्त साखरेने जुलाब वाढतात. अंगावरचं दूध आणि मऊ भात, पेज, खिचडी चालू ठेवायची. "पोटाला आराम" द्यायच्या नादात बाळ उपाशी राहतं. डॉक्टर झिंक देतील ते जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करायचं. अँटिबायोटिक स्वतःहून नाही. आणि शू बंद, रडताना अश्रू नाहीत, डोळे खोल, बाळ मलूल, सारख्या उलट्या, शीमध्ये रक्त, यांतलं काहीही दिसलं की थेट दवाखाना. मग महिना कोणता का असेना, आणि दात येत असोत की नसोत.

राहता राहिले डोस. दीड, अडीच आणि साडेतीन महिने. बाकीच्या लसींच्याच फेरीत हे थेंब पाजतात, वेगळी खेप नाही. पहिला डोस वर्षाच्या आत झाला नाही तर नंतर सुरूच करत नाहीत. आणि थोडा हिशेब करून बघा. या पावसाळ्यात जन्मलेलं बाळ फेब्रुवारीत सात-आठ महिन्यांचं असेल, म्हणजे बरोबर मोक्याच्या वयात, बरोबर मोक्याच्या महिन्यात. त्याचा साडेतीन महिन्यांचा डोस ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पडतो. म्हणजे ऐन दिवाळीत, जेव्हा सगळे गावाला गेलेले असतात, नाहीतर घर बदलत असतात.

आमच्या टीममध्ये सध्या दोघांकडे बाळं आहेत आणि एकाकडे येऊ घातलंय. बारशाला काय द्यायचं यावर दरवेळी वर्गणीचा वाद होतो. या वेळी मी तिघांच्याही कॅलेंडरमध्ये तीन-तीन रिमाइंडर टाकून दिलेत, वर एक डिसेंबरचा: "घरात ओआरएस आहे का बघ." एकाने विचारलं, हे गिफ्ट समजायचं का? म्हटलं, हो. चांदीचा वाळा आजी देईलच.